तेरा, पंधरा, चौदा… आणि तिथंच अडकलं

प्रश्न: सर, मी परभणीला बीएस्सी कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जत्रेत मिळतं ना ते प्लॅस्टिकचं, १ ते १५ आकडे सरकवून ओळीत लावायचे, तेच पायथॉनमध्ये बनवायलोय. चित्रं-बित्रं काही नाही, नुसते आकडे प्रिंट करायचे अन् वर, डावीकडं, खाली, उजवीकडं सरकवायला डब्ल्यू, ए, एस, डी टाइप करून एंटर. चालायलंय पण. काल लाईट गेली तरी रूममेट लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत खेळत बसला, बाकी सगळं लागलं पण शेवटची ओळ १३, १५, १४ च्या पुढं जाईना, आता म्हणतो तुझा गेमच खोटाय. माझं काय चुकलं?

उत्तर: रूममेटचं बरोबर आहे रे. तू कोड पाठवला नाहीस, पण पैज लावतो, पंधरा आकडे आणि एक मोकळं घर अशी सोळा घरांची लिस्ट घेऊन सरळ रँडम शफल मारलंयस. तसं केलं की निम्मे बोर्ड कधीच सुटत नाहीत, आणि १५-१४ हा त्यातलाच सगळ्यात बदनाम. १८७९ मध्येच जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी गणितानं ते सिद्ध केलं होतं, तरी पुढं कोडी बनवणारे सॅम लॉइड यांनी याच बोर्डावर १००० डॉलरचं बक्षीस लावलं. देतंय कोण, सुटणारच नव्हतं!

का सुटत नाही ते बघ. वहीत ४ × ४ चौकट काढ आणि बुद्धिबळासारखी काळी-पांढरी रंगव. मोकळं घर दर चालीला काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर जातं, म्हणजे ते फिरून परत आपल्या कोपऱ्यात आलं की चाली सम संख्येतच झालेल्या असणार. प्रत्येक चाल म्हणजे मोकळं घर आणि शेजारचा आकडा यांची एक अदलाबदल. आणि नुसते १४-१५ उलटे करायला लागतात विषम अदलाबदली. कसं जमणार?

शफल काढून टाक. लावलेल्या बोर्डापासून सुरू कर आणि कम्प्युटरलाच दोनेकशे रँडम पण नियमातल्या चाली खेळायला लाव, फक्त आत्ताची चाल लगेच उलटी फिरवू देऊ नको नाहीतर तिथल्या तिथंच घुटमळत बसतो. सुटणारे बोर्ड १० लाख कोटींच्या वर आहेत, त्यामुळं तेच तेच येईल याची काळजी सोड.

प्रिंट करताना प्रत्येक आकड्याला दोन अक्षरांची जागा दे, ९ च्या खाली १० आला की ओळी वाकड्या होतात.

अजून एक, हे बहुतेक जण विसरतात. लिस्टमधली घरं ० पासून मोजतात, तर मोकळं घर इंडेक्स ३ वर, म्हणजे पहिल्या ओळीच्या शेवटी असताना उजवीकडं म्हटलं की तू १ मिळवतोस, ते जातं ४ वर, म्हणजे पुढच्या ओळीच्या सुरुवातीला! चारनं भागून बाकी ३ असेल तर उजवीकडं नाही, ० असेल तर डावीकडं नाही, ही अट टाकच. ह्या उडीत घराचा रंग बदलत नाही, त्यामुळं वर सांगितलेलं सगळं गणितच कोसळतं, आणि रूममेटला ही चोरवाट सापडली तर तो तुला १५-१४ सुद्धा सोडवून दाखवेल.