वाचक विचारतात: आर्क्टिकची शांतता आपल्याला मानवेल का?

उत्तर फिनलंडमधल्या लॅपलँडात, इनारी आणि सारिसेल्का भागात, निवांत निसर्गसुट्टीसाठी जावे का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे नाशिक परिसरातून आली. त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न: आम्ही दोघे साठीच्या आसपासचे. फेब्रुवारीत इनारी सरोवराच्या काठी लाकडी केबिनमध्ये आठ दिवस राहायचा बेत आहे. ह्यांना शांततेची फार ओढ. मला मात्र तिथे करमेल का, याची धास्ती वाटते. थंडीचेही भय आहेच. कसे ठरवावे?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: थंडी कपड्यांनी भागते. करमत नसेल तर त्यावर कपड्यांचा उपाय नाही, म्हणून तुमची पहिली धास्तीच महत्त्वाची आहे.

तिथला दिवस कसा जातो ते आधी बघा. फेब्रुवारीच्या मध्याला इनारीत सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळात रुंद तळाचे स्नोशूज बांधून दोन-अडीच तास चालणे होते. मऊ बर्फात तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. मग शेगडीत लाकडे सारायची, सॉना (तापवलेल्या लाकडी खोलीतले घामस्नान) घ्यायचा, जेवायचे आणि आभाळ मोकळे असेल तर ध्रुवीय प्रकाशाची, म्हणजे रात्रीच्या आभाळात सळसळणाऱ्या हिरवट उजेडाची, वाट बघायची. तो दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ढग आले की सगळा कारभार ढगांपलीकडे चालतो. प्राणीही भराभर दिसत नाहीत. अस्वले झोपलेली असतात. रस्त्यात येणारे रेनडिअर रानटी नसून कोणाच्या तरी मालकीचे असतात, त्यामुळे फोटोसाठी त्यांच्या मागे धावू नये. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो आणि थांबलात तर स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. हे वाचून बरे वाटले की जीव घाबरा झाला, ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा.

त्याहून खात्रीची परीक्षा घराजवळ आहे. डिसेंबर-जानेवारीत कामाच्या दिवशी, उजाडायच्या आत नांदूर मधमेश्वरला जा. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), निफाड तालुक्यात, म्हणजे आपल्याकडची थंडीही तिथे चांगली भेटते. निरीक्षण मनोऱ्यावर तीन तास बसा. फोन बंद, गप्पा बंद, डबा शेवटी. पहिला तास पक्षी बघण्यात निघून जातो. खरी परीक्षा दुसऱ्या तासाला सुरू होते. ती जमली तर भंडारदऱ्याला दोन रात्री काढा, मात्र 'बघायच्या जागां'ची यादी न करता. दुसऱ्या दुपारी "आता कुठे जायचं?" हा प्रश्न ओठांवर आला, तर इनारीत आठ दिवस जड जातील.

आणि दोघांपैकी एकालाच मानवले तर? तेव्हा केबिनचा हट्ट सोडून सारिसेल्काला राहा. तिथे हॉटेले, दुकाने, आखलेल्या वाटा आहेत आणि पाठीशीच उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान. एकाने रानात जावे, दुसऱ्याने काचेआड पुस्तक घेऊन बसावे. इनारीच्या केबिनला शेवटच्या तीन रात्री पुरेत. एकाच्या हौसेपोटी दुसऱ्याने आठ दिवस मन मारून काढावेत, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

प्रश्न: मुलांच्या सुट्टीमुळे डिसेंबर सोयीचा पडतो. तेव्हा सूर्य अजिबात दिसत नाही, हे खरे का? मार्च कसा?
– नाशिकरोड

उत्तर: खरे आहे. इनारीत डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. याला तिकडे 'कामोस' म्हणतात. मात्र दिवसभर मिट्ट काळोख नसतो. ऐन २१ डिसेंबरलाही मध्यान्हीला सूर्य क्षितिजाखाली जेमतेम दोन-अडीच अंश असतो, त्यामुळे चारेक तास निळा-गुलाबी संधिप्रकाश मिळतो. ज्यांना इथे पावसाळ्यात सलग आठवडाभर ऊन न पडल्यावर उदास वाटते, झोप बिघडते, त्यांनी कामोसच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही मार्चच सांगतो. विषुवदिनाच्या आसपास तिथेही दिवस-रात्र बारा-बारा तासांचे होतात, बर्फ भरपूर असतो आणि रात्री ध्रुवीय प्रकाशाला पुरेसा अंधारही असतो. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवात फिन्निश शाळांच्या सुट्टीची, तेव्हा सारिसेल्कात गर्दी असते. शांतता हवी तर मार्चच्या मध्यानंतर जा, पण ईस्टरची तारीख पाहून. काळा चष्मा विसरू नका. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात.

बर्फच नको असेल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरा. झाडोरा लाल-पिवळा होतो आणि डास सरलेले असतात. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र डासांचे राज्य असते. मध्यरात्रीचा सूर्य बघायला जाणाऱ्यांना हे सहसा कोणी आधी सांगत नाही.

प्रश्न: मला मधुमेह आणि रक्तदाब आहे, इन्सुलिन घेतो. उणे वीस अंशांत जाणे धोक्याचे आहे का? कपडे काय घ्यावेत?
– इंदिरानगर

उत्तर: तिकीट काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पायांची संवेदना शाबूत आहे का? छातीत दुखण्याचा किंवा दम्याचा इतिहास असेल तर गार हवेत चढण चालू का? सॉना घेऊ का? पायाला बधिरता असेल तर हिमदंश सुरू झालेला कळतच नाही, म्हणून पहिला प्रश्न सगळ्यात मोठा.

गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही. पेन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. पाठीवरच्या सॅकमध्ये नको. ग्लुकोमीटरही गार पडला की एरर देतो, तेव्हा मोजणी घरात बसून करा. साखर उतरल्यावर हात थरथरतात आणि थंडीनेही थरथरतात. दोन्हींत गल्लत होते, म्हणून सोबत्याला आधीच सांगून ठेवा आणि शंका आली की आधी साखर खा. गालावर, नाकावर पांढरट, बधिर चट्टा दिसला तर उबदार तळहात टेकवून धरा. चोळायचे नाही, बर्फ तर नाहीच नाही.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवा. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखे लागते. अंगालगत मेरिनो लोकरीचे थर्मल, वर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जर्किन. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवा, कारण घामाने भिजलेले सूत वाळत नाही आणि थांबल्यावर तेच अंग गारठवते. म्हणून चालायला निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर एक थर उतरवा. बूट एक नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की मधली हवा जाते, रक्त अडते आणि बोटे आधी गार पडतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. तूप, पेढे, मिरच्या नेता येतील का?
– पंचवटी

उत्तर: तूप आणि पेढे नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताज्या मिरच्या, कढीपत्ता आणि आपली द्राक्षेसुद्धा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. भडंग, तेलावरच्या दशम्या, मेतकूट, गोडा मसाला, डाळ-तांदूळ न्या. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या म्हणजे प्रश्न उरत नाही. इनारी गावात किराणा मिळतो; बटाटे, राईचा पाव, ओट्स, दूध, चीज हमखास.

प्रश्न: व्हिसाची तयारी केव्हापासून करावी? जोडून उत्तरेकडची स्वालबार्ड बेटेही करावीत का?
– सिडको

उत्तर: शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान ३ महिने शिल्लक हवी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत.

स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेनबाहेर आहे. तिथून परत यायला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. एका प्रवेशावर गेलात तर परतीला अडकाल. शिवाय तिथे ध्रुवीय अस्वले असल्याने वस्तीबाहेर सशस्त्र वाटाड्याशिवाय फिरू नये. एकट्याने निवांत चालायला जाणाऱ्यांसाठी ती जागा नव्हे. इनारीच्या रानात मात्र खुणा केलेल्या वाटांवर तुम्ही स्वतःहून चालू शकता. गोठलेल्या सरोवरावर आखलेली वाट सोडू नका, कारण ओढा मिळतो तिथे आणि सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जागी बर्फ पातळ असतो. निघण्याआधी केबिनच्या मालकाला परतीची वेळ सांगा आणि फोनमध्ये फिनलंडच्या ११२ या तातडीच्या क्रमांकाचे ॲप घालून ठेवा. त्यावरून मदतपथकाला तुमची जागा कळते. फोन मात्र अंगालगतच ठेवा, गार पडलेली बॅटरी ऐन वेळी दगा देते.