टेकडीवरच्या शोधासाठी जीपीएस

प्रश्न : दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली डबी शोधण्याचा खेळ, म्हणजेच जिओकॅशिंग, मला सुरू करायचा आहे. हातात धरण्याचे जीपीएस उपकरण कोणते घ्यावे? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : सुरुवातीला मोबाइल पुरतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही. मात्र पावसाळ्यात वेताळ टेकडीवर ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. म्हणून घ्यायचेच झाले तर बटणांचे, पाणी सोसणारे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे साधे उपकरण घ्यावे. गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स या वर्गातले असून, कंपनीच्या म्हणण्यानुसार ते दोन सेलवर सुमारे २५ तास चालते. त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसल्यामुळे बाण चालत असतानाच खरी दिशा दाखवतो, थांबलात की भरकटतो. ३२एक्समध्ये ते आहे आणि माझ्या मते वरचे पैसे तिथेच खर्चावेत. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे मात्र टाळावीत, कारण भारतात त्यांना परवाना लागतो.

अक्षांश भरताना अंश व दशांश मिनिटे हीच मांडणी निवडावी. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे जेमतेम १.८५ मीटर, पण तोच पहिल्या स्थळी झाला तर तुम्ही १८५ मीटर दूर झुडपे धुंडाळत बसाल.