आग्रा एका दिवसात: पैसे कुठे घालायचे?

प्रवास-प्रश्न

प्रश्न: ताई, नमस्कार. फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतील. दोघांनी ताजमहाल पाहिलेला नाही. तेव्हा ते दिल्लीला भावाकडे असतील, म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना एका दिवसाची खास सहल द्यायचं ठरवलंय. एका कंपनीचं पॅकेज असं आहे: घरापासून गाडी, गतिमान एक्स्प्रेसचा एक्झिक्युटिव्ह वर्ग, दिल्लीपासून सोबत माणूस, आग्र्यात गाइड, पंचतारांकित हॉटेलात जेवण, आणि ताज, किल्ला, एतमाद-उद-दौला, मेहताब बाग, शिवाय संगमरवराचा कारखाना. बाबांचे गुडघे दुखतात. आईला प्रत्येक गोष्ट समजून घेत पाहायची सवय आहे. पैसे बरेच मागतायत. आम्ही देऊही, पण ते योग्य ठिकाणी जातायत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पॅकेज वाईट नाही, पण यातल्या निम्म्या गोष्टी आई-बाबांच्या सुखासाठी नसून यादी भरलेली दिसावी म्हणून आहेत. मी दिल्लीत राहून बरीच वर्षं पाहुण्यांना आग्र्याला घेऊन जात होते. महागडी सहल घेऊनही माणसं दमून-भागून परततात, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सकाळ गाडीत गेलेली असते आणि दुपार उन्हात.

गतिमान छान गाडी आहे. 2016च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली, ताशी 160 किलोमीटर वेगाने धावणारी देशातली पहिली गाडी म्हणून. निजामुद्दीनहून सकाळी आठ वाजून गेल्यावर सुटते आणि दहाच्या आत आग्रा कॅन्टला पोचवते. पण हिशोब करा. स्टेशनबाहेर पडून, गाडीत बसून, ताजच्या दारावरची तपासणी उरकून आत जाईपर्यंत अकरा वाजत येतात. तोवर संगमरवर इतका चकाकत असतो की डोळे उघडे ठेवणं कठीण होतं, आणि घुमटाखालच्या दालनात माणसांचा लोंढा नुसता पुढे ढकलला जात असतो. अशा गर्दीत तुमच्या आईला काय समजून घेता येणार?

त्यापेक्षा जाताना भोपाळकडे जाणारी शताब्दी घ्या. ती नवी दिल्लीहून सहाला सुटते आणि आठच्या आसपास आग्र्यात पोचते. तिलाही एक्झिक्युटिव्ह वर्ग आहे, चहा-नाश्ता जागेवर मिळतो. आपल्याकडची सत्तरी ओलांडलेली माणसं एरवीही पाचला उठून बसलेली असतात, त्यामुळे लवकर उठण्याचा बाऊ करू नका. येताना मात्र गतिमानच ठेवा. ती आग्र्याहून सहाच्या थोडं आधी निघते आणि साडेसातच्या सुमारास निजामुद्दीनला आणते. म्हणजे रात्रीचं जेवण भावाकडे. फक्त एक ध्यानात असू द्या: चढायचं नवी दिल्लीला आणि उतरायचं निजामुद्दीनला. ड्रायव्हरला हे आदल्या दिवशी बजावून सांगा.

वार निवडताना शुक्रवार टाळा. त्या दिवशी ताज पर्यटकांना बंद असतो. गतिमान शुक्रवारी धावतच नाही. शताब्दी मात्र धावते, तेव्हा तिकीट मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातली धरा. त्याआधी धुकं गाड्यांना उशीर करतं आणि कधीकधी ताजही गिळून टाकतं.

दिल्लीपासून सोबत येणाऱ्या माणसाची गरज नाही. दोन तासांच्या प्रवासात तो काय करणार? ते पैसे आग्र्याच्या गाइडवर घाला. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला, आग्र्यातच वाढलेला, आणि त्या दिवशी फक्त तुमच्या दोघांसाठी असलेला गाइड मागा. त्याचं नाव आणि फोन नंबर आधी घ्या. आईला एकदा त्याच्याशी बोलायला सांगा. पाच मिनिटांत कळतं की माणूस सांगणारा आहे की पाठ केलेलं म्हणणारा.

चांगला गाइड काय देतो? सगळे मान वर करून घुमटाकडे पाहत असतात, तेव्हा तो तुम्हाला भिंतीच्या खालच्या पट्ट्याशी थांबवतो. तिथे संगमरवरातच कोरलेली फुलझाडं आहेत, रंग नाही, रत्नं नाहीत. एका देठाला जरा बाक दिलाय, एक पाकळी उलटी वळलीय, आणि कडेने पाहिलं की तिची सावली पडलेली दिसते. मग आत, कबरींभोवतीच्या जाळीवरची पच्चीकारी. संगमरवरात खाचा करून त्यात रंगीत दगडांचे पातळ तुकडे बसवलेत, एकेका फुलात कितीतरी. सांध्यावरून नजर फिरवली तरी सांधा सापडत नाही. यातला तांबडा अकीक प्रकाश आत घेतो. पच्चीकारीच्या एखाद्या तुकड्यावर बॅटरी धरली की हिरवा, निळा दगड तसाच राहतो आणि अकीक आतून निखाऱ्यासारखा पेटतो. हे मी पाहुण्यांना दाखवत असे तेव्हा बोलकी माणसंसुद्धा क्षणभर बोलायची थांबत.

दारावरची अक्षरंही त्याला विचारा. इराणहून आलेल्या अमानत खानाने ती लिहिली. वरच्या ओळी खालच्यांपेक्षा मोठ्या काढल्यात, म्हणून जमिनीवरून पाहताना सगळी अक्षरं सारखी दिसतात. चारही मिनार किंचित बाहेर कललेले आहेत, म्हणजे कधी पडलेच तर मुख्य इमारतीवर पडू नयेत. आणि सगळी वास्तू डावी-उजवी तंतोतंत सारखी असताना आतली शहाजहानची कबर तेवढी एका बाजूला आहे, कारण मधोमध मुमताज होती आणि तो नंतर आला. आईंना हे सगळं ऐकायला आवडेल.

आता बाबांचे गुडघे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या ताजच्या जवळ नेता येत नाहीत. पूर्व दरवाज्याने जा. तिथे शिल्पग्रामच्या वाहनतळापासून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. व्हीलचेअर लागणार असेल तर कंपनीला आधीच लेखी कळवा आणि ती ढकलायला माणूसही मागा. बागेतला रस्ता सपाट आहे. संगमरवरी चौथऱ्यावर जायला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. तिकीट दोन भागांत असतं: भारतीयांना आवारात जायला 50 रुपये आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायला वेगळे 200. बाबांना चढायचं नसेल तर त्यांना पहिलंच पुरे. पश्चिमेच्या मशिदीच्या बाजूला सावलीत बसून त्यांना जो ताज दिसेल, तो वर चढलेल्यांना दिसत नाही. चौथऱ्यावर उभं राहिलं की इमारत इतकी जवळ येते की तिचा आकारच हरवतो. तेव्हा आपलं काही चुकलं असं त्यांना वाटू देऊ नका. तिकीट तीन तास चालतं, ऑनलाइन काढून ठेवा. खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली चालते.

पंचतारांकित जेवणाला माझा विरोध नाही, उलट याच पॅकेजमधली ती कामाची गोष्ट आहे. पण पदार्थांसाठी नव्हे. तिथे दुपारी बारा ते अडीच शांत, गार जागी पाय पसरून बसता येतं, स्वच्छतागृह मिळतं. कंपनीला सांगा, जेवणानंतर तासभर खोली देता आली तर त्याचे वेगळे पैसे देऊ. मोठ्या वयात चैन म्हणायची ती हीच.

दुपारी एकच ठिकाण करा, एतमाद-उद-दौला. नूरजहाँने आपल्या वडिलांसाठी 1622 ते 1628 या काळात बांधलेली ही कबर ताजच्या आधीची. लहान, नाजूक, पाठीमागे यमुना, आणि गर्दी अगदी बेताची. चालणं थोडं आहे. ताजमध्ये दिसलेली पच्चीकारी इथे भिंतभर पसरलेली आहे आणि निवांत पाहता येते. किल्ल्याचा चढ बाबांना झेपणार नाही, तो काढून टाका. मेहताब बागही नको.

कारखान्याचं काय? दगडाचे तुकडे हाताने फिरवायच्या सहाणेवर घासणारे कारागीर खरे असतात, त्यांची कला पाहण्यासारखी असते. पण त्यांच्या मागच्या दालनात मोठं दुकान असतं, आणि तिथे तास-दीड तास जातो. एका सहलीत माझ्या पाहुण्यांना असं अडकवून ठेवलं गेलं की एतमाद-उद-दौला राहूनच गेलं. जोडपं गुजरातेतून खास तेवढ्यासाठी आलं होतं. त्यांचे चेहरे अजून आठवतात. म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्ये एक ओळ टाका: आमच्या सांगण्याशिवाय कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. चांगली कंपनी हे लगेच मान्य करते. जी आढेवेढे घेते, तिच्याकडे जाऊ नका.

प्रश्न: आम्ही मुलांना (वय 11 आणि 14) घेऊन दिल्लीहून असाच एक दिवस आग्र्याला जाणार आहोत. मुलांना ताजपेक्षा शिवाजी महाराजांना जिथे कैदेत ठेवलं तो किल्ला पाहायचा आहे. गाइड याची माहिती देतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुमच्या मुलांसाठी मी नाशिकच्या वाचकाला दिला त्याच्या बरोबर उलट सल्ला देईन: सकाळी ताज, आणि दुपारनंतरचा सगळा वेळ किल्ला. जेवणावर तासाभराहून जास्त घालवू नका.

पण मुलांना आधीच एक गोष्ट सांगा. महाराज किल्ल्यात कैद नव्हते. 12 मे 1666 रोजी औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात ते गेले, तिथे अपमान झाला आणि ते संतापून बाहेर पडले. त्यानंतर मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या छावणीलगत त्यांचा मुक्काम होता, आणि तिथेच शहर कोतवाल फौलादखानाचे पहारे बसले. आमेर (पुढचं जयपूर) दरबाराच्या त्या वेळच्या राजस्थानी पत्रांमधून हे स्पष्ट दिसतं. तिथूनच 17 ऑगस्टला महाराज निसटले. किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवून कोणी ‘हीच ती’ म्हणालं तर मुलांनी नम्रपणे विचारावं, कशावरून?

किल्ल्यात खरोखर कैदेत होता तो शहाजहान. मुलाने त्याला 1658 मध्ये कोंडलं आणि 1666च्या जानेवारीत तो तिथेच वारला. मुसम्मन बुरुजावरून यमुनेच्या वळणावरचा ताज दिसतो, तिथे मुलांना थोडं थांबू द्या. म्हणजे बाप जाऊन चारच महिने झाले होते, आणि वारसा पक्का झालेला औरंगजेब मोठ्या थाटात दरबार भरवत होता, त्या दरबारात महाराज पाऊल टाकतात. चौदा वर्षांच्या मुलाला हा सगळा ताण कळतो, मोकळेपणाने सांगा. पर्यटकांना प्रवेश अमरसिंह दरवाज्याने आहे. बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो आत शिरण्याआधीच पाहून घ्या.

आणखी एक. 1785 पासून 1803 पर्यंत हा किल्ला मराठ्यांकडे, महादजी शिंदे आणि पुढे दौलतरावांकडे होता, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. शिंद्यांच्या सेवेतला एक डच अधिकारी, जॉन हेसिंग, आग्र्याचा किल्लेदार होता. तो 1803 मध्ये वारला. शहरातल्या रोमन कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे, लाल दगडात बांधलेला छोटा ताजमहालच. पॅकेजवाले तिथे नेत नाहीत. खासगी गाडी करणार असाल तर ठरवताना नाव घालून सांगा. गाइड तयार झाला तर समजा माणूस बरा मिळाला.

प्रश्न: आम्हीही दिल्लीहून अशीच लक्झरी सहल घ्यावी का? आम्ही दोघे, निवृत्त, प्रकृती ठणठणीत.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: तुम्ही दिल्लीला कशाला जाता? पंजाब मेल भुसावळहून थेट आग्रा कॅन्टला जाते. रात्री तिथेच राहा आणि सूर्योदयाला ताजच्या दारात उभे राहा; दार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतं. एका दिवसाच्या कुठल्याही सहलीला ही वेळ साधत नाही, मग ती कितीही महाग असो. वाचलेल्या पैशांत चांगलं हॉटेल आणि दिवसभराचा गाइड दोन्ही बसतात.

आणि त्याआधी एखाद्या रविवारी बुऱ्हाणपूरला जाऊन या. तुमच्या शेजारचं गाव. दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या शहाजहानबरोबर मुमताज तिथे होती. चौदाव्या बाळंतपणात, 17 जून 1631 रोजी ती तिथेच गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. शाही किल्ल्यातला हमाम (स्नानगृह) पाहा, छतावरचं रंगकाम अजून टिकून आहे. मग नदी ओलांडून आहूखान्याला, म्हणजे त्याच बागेच्या जागी, जा. तिकडे जायला रिक्षा येण्या-जाण्याची ठरवूनच घ्या, परतताना सहज मिळत नाही. पाणी बरोबर ठेवा, आणि पावसाळा संपल्यावरच जा, कारण गवत वाढलेलं असलं की पडक्या भिंतींपर्यंत वाट राहत नाही.