प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वडिलांना रेडिएशन सांगितलंय. त्रास किती होतो?

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोलापुरातच घेतलं, आठवड्यातून पाच दिवस, जवळपास साडेसहा आठवडे. मशीनखाली काहीच दुखत नाही. आमच्याकडे पहिले दोन आठवडे निवांत गेले, तिसऱ्यापासून सुरू झालं: लघवीला जळजळ, रात्री चार-पाचदा उठणं, पातळ शौच आणि थकवा. थकव्याला कमी लेखू नका. बाजारात रोज जाणारा माणूस दुपारी जेवून उठला की आडवाच व्हायचा.

रोज मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ लागतं, म्हणजे आतड्याला मार कमी बसतो. ऑपरेशननंतर लघवी धरवत नाही, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड गेलं. बाकावर मांड्या आवळून बसलेले अण्णा अजून डोळ्यांसमोर आहेत. पॅड आणि जादा पायजमा पिशवीत ठेवाच. लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम आत्ताच विचारून घ्या.

शेंगाचटणी, कडक भाकरी तेवढे दिवस बंद. मऊ भात, ताक चाललं.

संपल्यावर महिना-दीड महिन्यात बहुतेक त्रास ओसरला. पण शौचातून किंवा लघवीतून रक्त, लघवीची धार बारीक होणं, हे काही जणांना महिन्यांनी, वर्षांनीही होतं. तेव्हा मूळव्याध समजून घरी बसू नका, आणि रेडिएशन झाल्याचं सांगितल्याशिवाय दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासायला काढू देऊ नका. लैंगिक ताठरताही कमी होऊ शकते, वडील बोलणार नाहीत, डॉक्टरांशी त्यांना एकट्यानं बोलू द्या.

आणि हो, बाहेरून दिलेल्या रेडिएशननं अंगात किरण राहत नाहीत. नातवंडांना खुशाल मांडीवर घेऊ द्या.