धुळ्याहून थंडीत सहकुटुंब ट्राउटच्या फ्लाय फिशिंगला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या सुट्टीत बायको, मुलं आणि वडिलांना घेऊन ट्राउट, म्हणजे गार डोंगरी पाण्यातला मासा, फ्लाय फिशिंगने (गळाला किड्यासारखी खोटी माशी बांधून) धरायला जायचंय, सातपुड्यात कुठे जमेल का, आणि थंडीत हा मासा फार बुजतो म्हणतात ते खरं का.

सातपुड्यात नाही जमणार. तोरणमाळला कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं, त्यामुळे तिथल्या यशवंत तलावात ट्राउट जगत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण ट्राउट जगतो की नाही हे जानेवारीची पहाट ठरवत नाही, मे महिना ठरवतो. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं, २० च्या वर गेलं की तो बेजार होतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, हे त्यामागचं मोठं कारण. ५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १२.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८.३. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापीच्या डोहाचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे जायचं तर निलगिरी, मुन्नार, काश्मीर किंवा हिमाचल. माझी पसंती हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्याला. भुसावळहून दिल्लीची गाडी, तिथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस, औटला उतरायचं आणि बंजारमार्गे गुशैणीच्या बाजूला. ट्राउट तिथलाही मूळचा नव्हे बरं का. १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुल्लू भागात तो आणून वाढवला. आता मात्र नदीत पक्का रुळलाय.

पण डिसेंबर विसरा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तोच त्याचा अंडी घालण्याचा काळ. थंडी हवी आणि परवानाही हवा, तर दोनच वेळा उरतात. एक मार्च, पण तेव्हा पोरांच्या परीक्षा. दुसरी ऑक्टोबरची अखेर. दिवाळी ऑक्टोबरात आली तर भाऊबीज उरकून निघू नका, बंदीत सापडू शकता. आधीच जा. सहामाही संपली की लगेच निघता आलं तर उत्तम. पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला असतो, पाणी काचेसारखं, आणि सकाळी बोटं आखडतात इतका गारठा. मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना तिथे काढावा लागतो, मुक्कामाचे लोक सांगतात कुठून ते.

आता बुजण्याचं. काचेसारखं पाणी म्हणजे तुम्हाला मासा दिसतो आणि त्याला तुम्ही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, वाहत येणारं खाणं टिपायला. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर सरकत जायचं. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे त्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्यात ठळक दिसतो, उकिडवा बसलेला अगदी कडेला दबून जातो. आमच्या जिभाऊंना पांढरी टोपी काढा म्हटलं तर ते रागावले नाहीत, उलट मलाच म्हणाले, "मासाले बी डोया शेतस, भो!" (माशालाही डोळे असतात) आणि उपरणं डोक्याला गुंडाळून बसले. चकाकणारं घड्याळ, भडक स्वेटर, पाण्यावर पडणारी सावली, सगळं याच हिशोबात धरा.

मुलांच्या बोलण्याची काळजी करू नका. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. धप्पधप्प चालणं आणि दगडावर दगड आपटणं मात्र त्याला अंगभर जाणवतं. पोरांना गप्प बसवण्यापेक्षा हलकं पाऊल टाकायला शिकवणं सोपं जातं, त्यांना त्यात मजाही येते.

थंडीचा परिणाम वेगळाच. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते. तो धावत्या पाण्यातून निघून खोल, संथ डोहाच्या तळाशी जातो आणि घासासाठी हातभरसुद्धा हलत नाही. म्हणून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीपेक्षा तळाशी जाणारी, वजन घातलेली बारीक निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी खोटी माशी) बांधा आणि ती त्याच्या नाकासमोरून जाऊ द्या. ती पाण्याच्याच वेगाने वाहायला हवी. दोरीने ओढली गेली आणि पाण्याला उलटी रेघ पडली की संपलं. त्यासाठी दोरी पाण्यावर पडल्यावर तिचा पोट धरलेला भाग उचलून वरच्या अंगाला टाकतात. हे एक जमलं तर लांब फेक नाही जमली तरी चालतं, माझ्या मते नवशिके उगाच फेकीच्या मागे लागतात. पहाटे उठायची गरज नाही. अकरा ते तीन, ऊन पाण्याला लागल्यावर मासा जरा जागा होतो. वडिलांसाठी आणि उशिरा उठणाऱ्यांसाठी याहून सोयीचा छंद नाही.

आणखी एक. ऑक्टोबरअखेर ब्राउन ट्राउट उथळ पाण्यात, वाळूखड्यांत अंडी घालायला लागलेला असतो. तशा जागी पाण्यात उतरू नका. नदीतला मासा ओल्या हाताने धरून सोडून द्या, खायला शेततळ्यातला ट्राउट मिळतो. आणि कृपा करून त्याला काळ्या मसाल्यात बुडवू नका, मीठ-लिंबू पुरे.

डिसेंबरची सुट्टी वाया घालवायची नसेल तर नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला या. दत्तजयंतीपासून तिथे घोड्यांची यात्रा असते, घरचे तिकडे रमतात आणि तापी तर शेजारीच. बॅरेजच्या दारांखाली उभं राहायचं नाही, जरा लांबचा संथ काठ धरा. दिवाळीनंतर पाणी निवळलेलं असतं आणि चिलापी निंफ घेते. तीही सावली पडली की पसार होते, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं इथे फुकटात शिकून होतं. दुपारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत आणि कळण्याची भाकरी. हे तीर्थनला मिळणार नाही.

अनेर धरणाच्या बाजूला मात्र गळ काढू नका, तो परिसर अभयारण्य आहे. यावल अभयारण्याचंही तेच. इतर धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असते, काठावरच्या भोई मंडळींना विचारून बसा. ते नाही म्हणत नाहीत, उलट जागा दाखवतात.

सामान फार घेऊ नका. पाच नंबरची (म्हणजे मध्यम वजनाच्या दोरीसाठीची) नऊ फुटी एक रॉड सगळ्या घराला पुरते. साध्या गळात शिशाचं वजन दोरी ओढून नेतं, इथे दोरीलाच वजन असतं आणि ती आसुडासारखी मागे-पुढे फिरवून सोडायची असते. जाण्याआधी घरामागच्या मोकळ्या रानात, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून मुलांना फेकू द्या. मागे कोणी उभं नाही ना, एवढं बघा.