एअरबॅग टाकायच्या आधी ट्रक काट्यावर न्या

तुम्ही दिलेली माहिती दोनदा वाचली. फोर्डचा एफ-१५० सुपरक्रू ट्रक, ३० फुटी कॅम्पिंगचा ट्रेलर, ट्रेलरचं रिकामं वजन ६,४०० पाउंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (भरून जास्तीत जास्त किती वजन चालतं तो आकडा) ७,८००, घरची चार माणसं, बेडमध्ये (ट्रकच्या मागच्या हौद्यात) जनरेटर आणि सायकली, आणि ट्रेलर जोडला की ट्रक मागून तीन इंच बसतो. दुकानवाला म्हणतोय एअरबॅग (मागच्या पाट्यांना मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाका, काम झालं. आणि जूनमध्ये ह्यूस्टनहून कोलोरॅडोला निघायचंय. मी डॅलसच्या बाजूला राहतो, नऊ वर्षं ट्रेलर ओढतोय, आणि मलाही पहिल्या वर्षी एका दुकानात अगदी हेच सांगितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. माझाही एफ-१५०च, ट्रेलर भरलेला साधारण ७,१०० पाउंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचं ट्रकच्या मागे येणारं वजन दोन लोखंडी बार ताणून ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या एक्सलवर वाटणारी जोडणी) होता पण ट्रक तरी थोडा बसलेला दिसायचा, म्हणून एअरबॅग टाकून घेतल्या. दुकानवाल्याने ६० पीएसआय हवा भरली, ट्रक एकदम सरळ, म्हणाला आता बार फार ताणू नका, राइड कडक होते. दिसायला इतकं छान दिसत होतं की मी पुढे काही बघितलंच नाही. त्याच आठवड्यात आय-१० वर फोर्ट स्टॉकटनच्या पुढे, बाजूने वारा, मी ७० वर, आणि डावीकडून एक अठरा चाकी ट्रक भर्रकन पुढे गेला. आधी त्याच्या हवेने ट्रेलर बाहेर ढकलला, मग तो पुढे निघाला तसा आत ओढला, आणि मागचं शेपूट हलायला लागलं ते थांबेचना. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं, पुढची चाकं रस्त्याला धरतच नव्हती. बायको शेजारी, मुलगी मागे. नशिबाने ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताशी होती, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ट्रकचा ब्रेक न मारता पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि चार-पाच हेलकाव्यांनी तो शांत झाला. ही पट्टी कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे, निघायच्या आधी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन-चार वेळा दाबून बघा, मुलांना खाली उतरवून.

त्यानंतर मी पहिल्यांदा ट्रक काट्यावर नेला. गावी आमचे आजोबा उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर न्यायचे, आणि गाडी कशी भरायची हे त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, ते मला इथे हायवेवर आठवलं. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर येतो, बैलाला खांदेसूज होते. म्हणून मोळ्या रचताना जुवावर थोडंसंच वजन राहील असं रचायचं. ट्रेलरचं अगदी तसंच आहे. हिचच्या बॉलवर (ट्रकमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो) येणारं वजन, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. कमी झालं की शेपूट हलतं, जास्त झालं की ट्रकच्या मागच्या एक्सलवर जुलूम.

आता तुमचा ट्रक मागून का बसतो ते बघा. बॉल मागच्या एक्सलच्याही मागे पाचेक फुटांवर असतो. तिथे ९०० पाउंड ठेवले की मागचा एक्सल टेकू होतो आणि ट्रकचं तोंड वर उचललं जातं. म्हणजे मागच्या एक्सलवर नुसते ९०० येत नाहीत, पुढच्या चाकांवरून उचललेलं वजनही त्याच्यावरच येतं. ट्रक मागून बसणं हे डोळ्यांना दिसतं, पुढची चाकं हलकी झालेली दिसत नाहीत, आणि वळणं, सरळ धरणं आणि बराचसा ब्रेक हे सगळं पुढच्या चाकांवर आहे. एअरबॅग काय करते, तर मागचा भाग वर उचलते. पुढच्या चाकांवर एक पाउंडही परत आणत नाही.

माझे आकडेच देतो. ट्रक एकटा, माणसं आणि सामानासकट: पुढचा एक्सल ३,२६०, मागचा २,७८०. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढचा २,८६०, मागचा ४,०८०. म्हणजे पुढून ४०० गायब, आणि माझ्या मागच्या एक्सलची मर्यादा ३,८०० असताना २८० जास्त. मग ज्या अवस्थेत आय-१० वर गेलो होतो ती, म्हणजे बॅगमध्ये ६० पीएसआय आणि बार नावाला लावलेले: पुढचा २,९२०. ट्रक दिसायला सरळ आणि पुढची चाकं जवळपास तितकीच हलकी. काट्याची ती चिठ्ठी हातात घेऊन मी ट्रक स्टॉपच्या पार्किंगमध्ये बराच वेळ बसलो होतो.

आणि यात एक गोष्ट त्या दुकानात कोणी सांगितली नव्हती. बार बसवून झाल्यावर नंतर बॅगेत हवा भरली की ट्रकचा मागचा भाग वर येतो, हिचचा कोन बदलतो आणि बारांवरचा ताण कमी होतो. म्हणजे बॅग मदत करायची सोडून हिचचं काम काढून घेते. म्हणून बॅग असतील तर हवा आधी ठरवायची, थोडीच ठेवायची, आणि मग बार सेट करायचे. नंतर हवा बदलली तर परत पुढच्या फेंडरचं माप घ्यायचं, ते कसं ते खाली सांगतो.

तर तुमच्यासाठी मी क्रम असा सांगीन. पहिलं, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडाच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं, तुम्ही १,४८० लिहिलंय. आता हिशोब करू. ट्रेलर रिकामा ६,४०० हे ब्रोशरमधलं, त्यात भांडी, अंथरुणं, खुर्च्या, गॅस, पाणी धरून ७,४०० सहज होणार. त्याचे १३ टक्के म्हणजे ९६०. हिचचं लोखंड १००. चार माणसं तुम्ही म्हणता तशी ५२०. बेडमधलं २००. झाले १,७८०. चांगला सेट केलेला हिच यातले शंभरेक पाउंड ट्रेलरच्या एक्सलवर परत देतो, तरी १,६८०. तुम्ही २०० पाउंडांनी वर आहात, आणि हे मनाला लागेल तरी स्पष्ट सांगतो, एअरबॅग, जादा पाटा, रबर, काहीही लावलं तरी स्टिकरवरचा आकडा बदलत नाही. बॅगच्या खोक्यावर ५,००० पाउंड लिहिलेलं असतं ते बॅग किती पेलते ते, तुमचा एक्सल, बेअरिंग, चाकं, टायर आणि ब्रेक आहेत तेच राहतात.

मग सामान कमी करा. जनरेटर खरंच लागणार आहे का, कॅम्पग्राउंडला वीज असेल तर घरी ठेवा. फ्रेश वॉटरची टाकी रिकामी घेऊन निघा, पाणी गॅलनला ८.३ पाउंड असतं, ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३० पाउंड उगाच ओढता. फक्त ती टाकी कुठे आहे ते बघा, एक्सलच्या मागे असेल तर रिकामी केल्यावर टंग वेट वाढेल, पुढे असेल तर कमी होईल. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगायचा मोह होईल, तो टाळा, गाडी उलाळेल. हे सगळं करून आकडा बसला तर उत्तम, नाही बसला तर या ट्रेलरला एक पायरी वरचा, तीन-चतुर्थांश टन वर्गातला ट्रक, एफ-२५० किंवा २५०० वगैरे, हेच खरं उत्तर आहे. दोन मुलं मागे बसवून जायचंय, मी तरी इथे तडजोड करणार नाही.

आकडा बसतोय असं धरून पुढे. वेट डिस्ट्रिब्युशन हिच नसेल तर आधी तो घ्या, आणि त्यातही ज्यात हेलकावे रोखायची सोय अंगचीच आहे असा, इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स सारखा. तुमच्या रिसीव्हरवर (ट्रकमागची हिच घालायची चौकोनी नळी) एक लेबल असेल, त्यावर दोन वेगळे आकडे असतात, हा हिच लावून किती आणि न लावता किती, ते वाचा. सेट करताना सपाट जागा आणि मेजर टेप पुरे. पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या, आधी ट्रक एकटा, मग ट्रेलर टाकून बार न लावता, मग बार लावून. समजा ३८ इंच होतं ते ३९ झालं, तर बार लावून ते साडेअडतीसच्या आसपास आलं पाहिजे, म्हणजे चढलेल्यातलं निम्मं परत. माझ्या मॅन्युअलमध्ये निम्मं आहे, प्रत्येक कंपनीचं आणि वर्षाचं वेगळं असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच धरा. मूळ मापाच्याही खाली नेऊ नका, मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरतो. कमी पडत असेल तर हिचच्या डोक्यात एकेक वॉशर वाढवून डोकं मागे झुकवायचं. आणि बार चढवताना टंग जॅकने ट्रकचा मागचा भाग आणि ट्रेलरचं तोंड दोन्ही एकदम वर उचला, म्हणजे बार हाताने बसतो. पाईप घालून जोर लावून चढवू नका, सुटला तर मनगट मोडेल.

सस्पेन्शनच्या दुकानात कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे टायर. ट्रकवर फॅक्टरीतून पॅसेंजर जातीचे टायर असतील तर त्यांची बाजू मऊ असते, मागे वजन आलं की ट्रक टायरवरच डुलतो आणि माणसाला वाटतं पाटे कमजोर आहेत. मी लोड रेंज ई चे एलटी (लाइट ट्रकचे, जास्त वजन पेलणारे) टायर टाकले आणि अर्धं डुलणं तिथेच संपलं. पण एलटी टायर ३५ पीएसआयवर चालवायचे नसतात, त्याच वजनाला त्यांना जास्त हवा लागते, टायरवाल्याकडून लोडचा तक्ता बघून भरा. ट्रेलरचे टायर पण बघा, बऱ्याच एसटी (खास ट्रेलरच्या) टायरना ताशी ६५ माईलचीच मर्यादा असते आणि आपल्याकडे टेक्सासात पाटीवर ७५ लिहिलेलं असतं.

मग शॉकअप. यांचं वजनाशी काही नाही, हलणं थांबवणं हे काम. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यासांध्यावर ट्रक घोड्यासारखा पुढेमागे डोलत राहतो ना, त्याला हा इलाज. फॅक्टरीचे शॉकअप ६०-७० हजार माईल झालेले असतील तर काढाच. मी बिल्स्टाइन ४६०० टाकलेत, रिकामा ट्रक थोडा कडक लागतो पण ट्रेलर मागे असताना बायकोने स्वतःहून विचारलं की काय बदललंस. मागचा अँटी-रोल बार माझ्या ट्रकला नव्हता, तो पण नंतर टाकला, वळणावर बॉडी कलते ती कमी झाली. मात्र नावावरून गैरसमज होतो, त्याला स्वे बार म्हणतात पण ट्रेलरचा स्वे, म्हणजे शेपूट हलणं, तो थांबवत नाही.

एवढं सगळं झाल्यावरही मागून इंचभर बसत असेल तर बसू द्या. वजन आलं की पाटे थोडे दबणारच, त्यासाठीच ते आहेत. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातायत किंवा खड्ड्यात खाली बंप स्टॉपवर (एक्सल वर आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) आपटतोय असं असेल तर मग मदत घ्या. मला विचाराल तर टिम्ब्रेनचे रबर, बंप स्टॉपच्या जागी बसतात, वजन आल्यावरच टेकतात, हवा नाही, नळी नाही, बघायची गरज नाही. एअरबॅगच हव्या असतील तर डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या नळ्या घ्या, दोघींना एकच नळी जोडली तर वळणावर एकीतली हवा दुसरीत जाते आणि ट्रक जास्त कलतो. रिकाम्या ट्रकमध्येही ५ पीएसआय ठेवावीच लागते, नाहीतर रबर चिमटून फाटतं. जादा पाटा घालणं हा भारतातल्या टेम्पोवाल्यांचा लाडका उपाय, पण तो ट्रेलर नसतानाही कायम कडक राहतो, रोज ऑफिसला याच ट्रकने जात असाल तर नको. बाकी तुमच्या शेजाऱ्यांकडे रॅम १५०० आहे म्हणालात, त्याला मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंग आहेत, त्यांनी सांगितलेलं किट तुम्हाला बसणार नाही.

रस्त्याचं म्हणाल तर ॲमरिलोच्या आजूबाजूला वाऱ्याला अडवणारं काही नाही, तिथे दुपारऐवजी सकाळी लवकर निघा आणि वारा असेल त्या दिवशी सरळ मुक्काम वाढवा. रॅटन पास हा घाट ७,८०० फुटांच्या वर आहे, टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू ठेवा, उतरताना गिअरने वेग धरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

आणि काट्याचं. मोठ्या ट्रक स्टॉपवर पिवळी कॅट स्केलची पाटी असते, लव्ह्ज किंवा पायलटवर बहुतेक ठिकाणी मिळेल. सामान, माणसं, पेट्रोल सगळं भरून जा, जसे कोलोरॅडोला निघणार तसेच. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. तीन वेळा करायचं: बार लावून, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला लावून ट्रक एकटा. दुसऱ्यातल्या ट्रकच्या दोन आकड्यांच्या बेरजेतून तिसऱ्यातली बेरीज वजा केली की तुमचं खरं टंग वेट मिळालं. पहिल्यांदा जाताना अठरा चाकींच्या रांगेत भीती वाटते, रविवारी सकाळी सातला जा, मोकळं असतं. तिन्ही चिठ्ठ्या आणि पुढच्या फेंडरची तीन मापं इथे टाका, मग वॉशर वाढवायचे की कमी करायचे ते आकडे बघून सांगतो. दुकानवाल्याला तोपर्यंत थांबायला सांगा.