चिऊनं दार आधीच का नाही उघडलं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरची, दुधाळीजवळ राहते. परवा माळा आवरताना माझं लहानपणीचं चित्रांचं पुस्तक सापडलं, काऊचं घर शेणाचं चिऊचं घर मेणाचं त्या गोष्टीचं, कव्हर कधीच गेलंय पण आतली चित्रं अजून छान आहेत. आई रोज वाचायची आणि शेवटी म्हणायची, बघ काऊनं आळस केला म्हणून त्याचं घर वाहून गेलं, चिऊनं नीट बांधलं म्हणून टिकलं. मी त्यावरच वाढले हो, नोकरी केली, कर्ज काढून घर घेतलं, कुणाकडं कधी काही मागायला गेले नाही. आणि २०१९ ला खालच्या मजल्यात पाणी शिरलं आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, राजारामपुरीत नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राकडं राहिलो, तेव्हा लेक पोटात होती. पुस्तक माळ्यावर होतं म्हणून वाचलं. आता लेकीला हौसेनं वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली, म्हणते "चिऊनं दार आधीच का नाही उघडलं, बाळ तर आत कोरडं होतं की, काऊ भिजत होता." मला उत्तर देता आलं नाही. आता हे पुस्तक तिला वाचू का ठेवून देऊ? आणि तिला सांगू काय? पानांना डाग पडलेत, वास पण येतोय, त्याचं पण सांगा.

उत्तर : ताई, पुस्तक अजिबात ठेवून देऊ नका. तुमच्या लेकीनं जो प्रश्न विचारलाय तो त्या गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि आपण बहुतेक जण तो न विचारताच मोठे झालो.

आधी आळसाचं बघू. पुस्तक परत उघडून नीट वाचा, काऊ आळशी आहे असं गोष्टीत सहसा कुठं येतच नाही, ते आपण मोठी माणसं शेवटी जोडून देतो. त्याचं घर शेणाचं होतं एवढंच. आता शेणामातीचं घर म्हणजे काय हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, आपल्या आज्ज्या-पणज्यांनी सारवलेल्या जमिनीवरच संसार केले आणि त्या काय आळशी होत्या का, पहाटे उठून शेण गोळा करायचं, सारवायचं, गोवऱ्या थापायच्या, हे कष्ट नाहीत तर काय आहे. पुरात मातीच्या भिंती पडतात कारण माती पाणी पिते, पायाकडनं मऊ होते आणि कधीकधी पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी भिंत बसते. तिथं राहणाऱ्याकडं सिमेंटचे पैसे नव्हते, इतकंच कारण असतं बऱ्याचदा. आणि तुमचं घर तर पक्कं होतं ना? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात पेट्रोलला रांगा लागल्या. त्यात तुमच्या हप्त्यांचा, तुमच्या मेहनतीचा काय दोष? २०२१ ला परत तेच झालं. हे लेकीला सरळ सांगा, तिला कळेल, दर जुलैमध्ये घरात "आज किती फुटावर गेलं" हेच ती ऐकत मोठी झालीये.

चिऊचं मेणाचं घर पण पावसापुरतंच पक्कं आहे बरं का. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं पण मऊ त्याच्या खूप आधी पडायला लागतं. मग मे महिन्यात चिऊ कुणाच्या दारात जाईल? हा प्रश्न लेकीला नक्की विचारा, ती काय उत्तर देते ते मला कळवा, मला खरंच ऐकायचंय.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लहानपणी आपल्याला ही गोष्ट एवढी का आवडायची? तात्पर्यासाठी तर नक्कीच नाही. ती आवडायची त्या "थांब"साठी. थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब अंग पुसते, थांब पावडर लावते, थांब तीट लावते, थांब झोपवते. आई हे म्हणता म्हणता आपल्याच गालाला हात लावायची, आपल्याच कपाळावर बोट टेकवायची. म्हणजे त्या घरातलं बाळ आपण होतो. बाहेर धो धो पाऊस, कुणीतरी दार वाजवतंय, आणि तरी आईला आत्ता फक्त माझ्यासाठी वेळ आहे, यापेक्षा मोठं सुख त्या वयात दुसरं कुठलं असणार. बाळ आत असताना बाहेर कोण भिजतंय हे दिसत नाही आणि दिसावं अशी अपेक्षा पण नाही. तुमची लेक मात्र पहिल्याच वाचनात दाराबाहेर जाऊन काऊशेजारी उभी राहिली. मला वाटतं घरात पुराच्या गोष्टी ऐकून ऐकून तिला माहितीये की आपली आई पण कुणाच्या तरी दारात गेली होती.

म्हणून तिला काय सांगायचं याचं उत्तर तुमच्याकडंच आहे, राजारामपुरीतली गोष्ट सांगा. त्या मित्रानं दार उघडताना काय म्हटलं, त्यांच्याकडं किती माणसं होती, कुणी कुठं झोपलं, जेवायला काय होतं. त्यांच्या घरात पण लहान पोरं असतील, त्यांची पण अंघोळ राहिली असेल. मग सुतारवाड्याचं सांगा, जयंती नाल्याचं पाणी फुगलं की तिथल्या लोकांना चित्रदुर्ग मठात हलवतात, शाळा उघडतात, कार्यालयं उघडतात, तालमीची पोरं मोठाली पातेली चढवतात. आणि जमलं तर एकदा तिला दसरा चौकात घेऊन जा आणि शाहू महाराजांचा पुतळा दाखवून सांगा की खेड्यातनं शिकायला आलेल्या पोरांना शहरात राहायला जागा मिळायची नाही, म्हणून महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग काढायला मदत केली, जागा दिल्या, पैसे दिले, त्यामुळं कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. सहा-सात वर्षांच्या पोरीला हे जड जात नाही, दार उघडलं एवढं तिला बरोबर समजतं.

चिऊला एकदम वाईट पण ठरवू नका. एकटी आई, तान्हं बाळ, रात्रीची वेळ, बाहेर कोण आहे ते नीट दिसत नाही, तिला भीती वाटली असेल, आणि काही घरांत ही गोष्ट अशी सांगतात की काऊ आत येतो आणि गुपचूप खीर खाऊन टाकतो. पण माझं मत विचाराल तर चिऊनं आधी दार उघडायला पाहिजे होतं, काऊला चुलीपाशी बसवायचं आणि मग बाळाची पावडर-तीट निवांत करायची. हे लेकीला सांगायला काहीच हरकत नाही. किंवा तिलाच ठरवू द्या, कितव्या "थांब"ला दार उघडायचं ते, एकदा ती चिऊ आणि तुम्ही काऊ, मग उलट. एवढंच करा की पुस्तक मिटताना "म्हणून बाळा..." असं सुरू करू नका.

तुमच्या आईनं सांगितलेलं पण टाकून देऊ नका हो. लेकीच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं, तिला कुणापुढं हात पसरायला लागू नये, ही त्या माऊलीची इच्छा होती आणि ती तिनं हाताशी असलेल्या गोष्टीत घातली. आई असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या आईनं ही गोष्ट कशी सांगितली होती, शेवट वेगळा निघण्याची खूप शक्यता आहे, कारण ही पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट आहे.

आता डागांचं. वास येतोय म्हणजे ओल धरलीये. कडक उन्हात ठेवू नका, रंग उडतात आणि पानं वाकडी होतात, सावलीत पंख्याखाली उभं उघडून ठेवा, पानांच्या मध्ये साधा कोरा टिश्यू घाला आणि तो बदलत राहा. पूर्ण सुकल्यावर बुरशीची पूड मऊ ब्रशनं गच्चीवर जाऊन झाडा, तोंडाला मास्क लावून, आणि तेव्हा लेक जवळ नको. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकट डाग कागदातनं जात नाही, पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ चांगली. पुढं कधी पुस्तकं भिजलीच आणि लगेच सुकवायला जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरला ठेवा, त्यानं बुरशी थांबते आणि सावकाश एकेक काढून सुकवता येतं. सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो आत्ताच काढून ठेवा, आणि रोज हाताळायला ते प्रिंट करून लेकीला द्या, त्यावर तिला काऊसाठी दार काढायचं असेल तर काढू दे.